मृगाच्या पहिल्या आठवड्यात तळ्यातले मासे का मरतात?

माडाखाली | १४ मे, रात्री ९:१०

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून दीड-दोन किलोमीटर आत. मागच्या पडवीला लागून चिऱ्यांचं छोटं तळं आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, अडीच फूट खोल. सात वर्षांपूर्वी सासऱ्यांनी हौसेने बांधून घेतलं, आतून सिमेंटचा गिलावा. कुमुदाचे दोन टब, कमळाचा एक, कडेला वेखंड आणि ब्राह्मी. मासे गोल्डफिश आणि कोई.

पहिली चार वर्षं एकही मासा दगावला नाही. गेली तीन वर्षं मात्र जूनमध्ये ठरल्यासारखे मरतात. पहिल्या वर्षी दोन, मग पाच, गेल्या वर्षी चौदातले नऊ. पाऊस सुरू झाला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी खाणं सोडतात, एका कोपऱ्यात गोळा होतात. अंगावर दुधट, बुळबुळीत थर येतो. मधेच एखादा वेड्यासारखा उसळी मारतो आणि दुसऱ्या दिवशी तरंगताना दिसतो. अंगावर जखम नसते, ठिपके नसतात.

इंटरनेटवर वाचायला गेलं की बर्फ कसा फोडायचा, थंडीत खाणं कधी बंद करायचं, हेच सगळीकडे. आपल्याकडे बर्फ कुठला! पाऊस यायला तीन आठवडे उरलेत. सासऱ्यांचा जीव त्या तळ्यात आहे, आणि या वर्षी मला एकही मासा गमवायचा नाही. कोकणात तळं सांभाळणाऱ्यांनी अनुभव सांगा.

चिंगी | १४ मे, रात्री ९:३२

आमचेपण मेले होते ताई, दोन वर्षांपूर्वी. कारण कळलंच नाही. वाचतेय.

पुण्याची_बाग | १४ मे, रात्री १०:०५

माझं तळं पुण्यात, गच्चीवर. माझ्या मते मासे आधीच्या मोसमात कमजोर होत असावेत. थंडीत पाणी गार झालं की माशांचं पचन मंदावतं, तेव्हा भरपूर खाऊ घातलं तर ते बाधतं. डिसेंबर-जानेवारीत खाणं निम्म्यावर आणता का?

निळा_खंड्या | १४ मे, रात्री १०:४८

@पुण्याची_बाग, पुण्यासाठी तुमचं बरोबर आहे. किनाऱ्यावर मात्र हवाच क्वचित पंधरा अंशांखाली उतरते. दापोलीला एखाद्या पहाटे पारा दहाच्या आसपास जातो, पण अडीच फूट पाणी एका रात्रीत तेवढं गार होत नाही. आमचे मासे बारा महिने खातात.

मी चिपळूणजवळ शोभेचे मासे वाढवतो. शिक्षणही त्यातलंच, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात. कोकणातल्या तळ्याला दोन वेळा जपायचं. एक मेचा शेवट, दुसरी पावसाचे पहिले पंधरा दिवस. मेमध्ये पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशाच्या पाण्यात लिटरला साधारण ९.१ मिलिग्रॅम, तीस अंशाला ७.५. आणि मासा मात्र गरम पाण्यात जास्त प्राणवायू मागतो.

माडाखाली, तीन गोष्टी सांगा. मासे पहाटे मरतात की दिवसा? आधी मोठे मरतात की लहानमोठे एकदमच? आणि मरायच्या आधी तोंड पाण्याबाहेर काढून हवा घेतात का?

खाडीकाठ | १४ मे, रात्री ११:२०

आमच्याकडे मिरगाक पाणी चढला की मासे व्हाळातसून वर शेतात चढतत, तेंका चढणीचे मासे म्हणतत. पयल्या पावसाचा पाणी बदालता ता तेंका बरोबर कळता. तुमच्या माशांका पळाक जागा खंय, बिचारे थंयच अडाकले.

माजा म्हणणा, पयल्या पावसाचा तांबडा पाणी तळयेत जाता काय ता बगा. माती कल्ल्यांत बसता.

माडाखाली | १५ मे, सकाळी ७:१५

@निळा_खंड्या, पहाटेच असं नाही, दिवसभरात कधीही. लहानमोठे एकदमच जातात. तोंड बाहेर काढून हवा घेताना फारसे दिसले नाहीत, कोपऱ्यात तळाशी बसून असतात.

@खाडीकाठ, काठ जमिनीपासून वीतभर उंच आहे, त्यामुळे अंगणातलं तांबडं पाणी आत येत नाही. मालवणी वाचून बरं वाटलं. माझं माहेर कुडाळ.

हापूस_बागायतदार | १५ मे, दुपारी १:४०

आजूबाजूला आंब्याची बाग आहे का? कोणीतरी फवारणीचा विषय काढेलच, म्हणून मीच काढतो. मोहोरावर आम्ही जी कीटकनाशकं मारतो त्यातली सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना फार घातक असतात. लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या हिशेबात सुद्धा मासा मरतो. माझ्या घराशेजारी पाण्याची टाकी आहे, त्यात मासे आहेत. फवारणीच्या दिवशी तिच्यावर ताडपत्री टाकतो, वारा टाकीकडे असेल तर त्या बाजूची कलमं दुसऱ्या दिवसावर ठेवतो. एकदा ताडपत्री टाकायचा विसर पडला आणि संध्याकाळपर्यंत टाकी रिकामी झाली. हाताने उपसून काढले मासे. तेव्हापासून पंप सुरू करायच्या आधी ताडपत्री.

पण ही फवारणी मोहोरापासून फळ धरेपर्यंतची, म्हणजे डिसेंबर ते मार्च धरा. तुमचे मासे जूनमध्ये जातात. त्या वेळी आम्ही फवारत नाही. फवारणीने गेलेले मासे काही तासांत जातात, कोपऱ्यात तीन दिवस बसत नाहीत.

कातळफूल | १५ मे, संध्याकाळी ६:२०

माशांपेक्षा झाडांकडे माझा ओढा जास्त, तरी एक विचारते. उन्हाळ्यात तळ्याला सावली किती? कुमुदाची पानं निम्म्याहून जास्त पाणी झाकत असतील तर पाणी कमी तापतं आणि शेवाळही आटोक्यात राहतं. पानं तेवढी नसतील तर मेमध्ये दुपारच्या उन्हाच्या बाजूने माडाची विणलेली झापं आडवी टाकायची. आमच्याकडे हिरवी जाळी वापरून बघितली, पण झापाखाली हवा खेळती राहते.

आणि कमळ व कुमुद दोन्ही आहेत म्हणालात म्हणून विचारते, कमळाची कुंडी कधी बदलता? बरेच जण पावसाळ्यात बदलतात आणि मग फूल येत नाही म्हणतात. कमळाचा कंद थंडीत निजतो. संक्रांत झाली की, नवी पानं फुटायच्या आत, कंद सोडवायचा. केळफुलाच्या टोकासारखं त्याचं कोवळं टोक असतं, ते मोडलं तर वर्ष गेलं. मी कंद हातात न धरता पाण्यातच टबातून टबात तरंगत नेते. खाली पूर्ण कुजलेलं शेणखत, वर शेतातली चिकणमाती, त्यावर नदीची जाड वाळू. समुद्राची वाळू कितीही हाताशी असली तरी नको, मिठाने कंद जळतो.

चिंगी | १५ मे, संध्याकाळी ६:४४

कमळ आणि कुमुद वेगळं असतं??

कातळफूल | १५ मे, संध्याकाळी ७:३०

हो गं. कमळाचं पान गोल, अखंड, देठ मध्यावर, आणि पाण्याच्या वर छत्रीसारखं उभं राहतं. त्यावर थेंब पाऱ्यासारखा पळतो. कुमुदाच्या पानाला एका बाजूने देठापर्यंत चीर असते आणि ते पाण्यावर पसरून राहतं. कमळात मधे बियांचा चपटा गोंडा असतो, कुमुदात तसा नसतो.

आजोबांचा_वाडा | १५ मे, रात्री ९:०५

आमच्या वाड्यातल्या तळीत आजोबा दरवर्षी रोहिणी लागल्या की चुन्याची फक्की टाकायचे. मासे मेल्याचं आठवत नाही. पाव किलो चुना टाका, पाणी स्वच्छ राहील.

निळा_खंड्या | १५ मे, रात्री ९:५०

@आजोबांचा_वाडा, कृपया मासे असलेल्या छोट्या तळ्यात चुना कोणी टाकू नका. शेततळ्यात चुना टाकतात तो बहुतेक वेळा तळं रिकामं असताना, तळाच्या मातीवर. मग पाणी भरून काही दिवस थांबतात. तुमच्या आजोबांची तळी मोठी असेल, मातीच्या तळाची असेल, तिला पाव किलो कळतही नसेल. चार हजार लिटरमध्ये कळीचा चुना पडला तर पीएच (पाणी किती आम्ल आहे त्याचं माप; सात म्हणजे मधलं, त्याखाली आम्ल) एकदम वर जातो आणि पाण्यातला निरुपद्रवी अमोनिया विषारी रूपात बदलतो.

पण त्यांना जे साधायचं होतं ते बरोबर होतं, आणि माझा संशयही तिकडेच चाललाय. प्राणवायू कमी पडला असता तर मासे पहाटे, तोंड वर काढून, आणि मोठे आधी गेले असते. तुमचं वर्णन तसं नाही. अंगावरचा दुधट थर, उसळ्या, कोपऱ्यात बसणं, हे आम्ल झालेल्या पाण्याचं लक्षण आहे, म्हणजे पीएच एकदम खाली गेल्याचं.

माडाखाली, तळ्यात गोगलगायी आहेत का? असतील तर एक उचलून शंखाचं टोक बघा.

आजोबांचा_वाडा | १५ मे, रात्री १०:१०

तळी मोठीच होती, पाऊण गुंठा असेल, आणि तळ मातीचा. तुमचं पटलं. माझा सल्ला मागे.

माडाखाली | १६ मे, सकाळी ८:००

आत्ताच बघून आले. अंगावर काटा आला. सहा-सात गोगलगायी काढल्या, सगळ्यांची शंखाची टोकं पांढरी पडलीत, कानस मारल्यासारखी. एकीला तर टोकाशी सुईएवढं भोक आहे. कधी लक्षच गेलं नव्हतं. हे काय आहे?

निळा_खंड्या | १६ मे, सकाळी ९:२५

तुमच्या पाण्यात चुनाच उरलेला नाही. पाण्याला चुना हवाच असतो, म्हणून ते शंखातला ओढून घेतं.

पावसाचं स्वच्छ पाणीही थोडं आम्लच असतं, पीएच साधारण ५.६. त्यात विरघळलेला चुना जवळजवळ शून्य. आपली जमीन जांभ्याची, त्यामुळे विहिरीचं पाणीही मऊ. तळ्यात मासे, शेणखत, कुजणारी पानं सतत आम्ल तयार करतात. पाण्यात कार्बोनेटचा साठा असेल तर तो हे आम्ल पचवतो. या साठ्याला केएच म्हणतात. साठा संपला की थोड्या पावसानेही पीएच धाडकन पाचाच्या घरात येतो.

आता मला न सुटलेली गोष्ट. पहिली चार वर्षं काही झालं नाही, मग अचानक सुरू झालं. तीन वर्षांपूर्वी तळ्यात काय बदललंत?

खाडीकाठ | १६ मे, सकाळी ९:४०

खंड्यांनू, तुमी पोलिसात जावक होया होतात!

माडाखाली | १६ मे, दुपारी २:१५

सासऱ्यांना विचारलं. तळं गळत होतं म्हणून तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात रिकामं करून आतून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात दिले होते. निळा, गुळगुळीत. रंग माशांना चालणाराच होता, दुकानात विचारून आणला होता, आठ दिवस पाणी भरून काढून टाकलं होतं. तोच बाधतोय का?

निळा_खंड्या | १६ मे, दुपारी ३:००

रंग विषारी असता तर मासे तेव्हाच, त्याच उन्हाळ्यात गेले असते. तसं झालेलं नाही. पण रंगाखाली सिमेंट झाकलं गेलं. पहिली चार वर्षं तो उघडा गिलावा थोडाथोडा चुना पाण्यात सोडत होता आणि तुमच्या नकळत पावसाचं आम्ल पचवत होता. रंग दिला आणि तो पुरवठा बंद झाला.

माडाखाली | १६ मे, दुपारी ३:२०

हे सासऱ्यांना वाचून दाखवलं. पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे गळतं तेच बरं होतं."

कातळफूल | १६ मे, संध्याकाळी ५:४५

काकांना सांगा, गळतं तळं कुमुदालाही नको असतं. त्यांनी केलं ते योग्यच केलं, फक्त चुन्याची दुसरी सोय करायची राहिली.

अजून एक. तुम्ही "पडवीला लागून" म्हणालात. पागोळ्या कुठे पडतात?

माडाखाली | १६ मे, रात्री ८:३०

तळ्यातच. सासऱ्यांना पागोळ्यांचा आवाज आवडतो, म्हणून तळं मुद्दाम तिथे घेतलं होतं.

निळा_खंड्या | १६ मे, रात्री ९:१५

मग हिशेब मांडू. तळं १५० घनफूट, म्हणजे साधारण ४,२५० लिटर, टब धरून थोडं कमीच. तळ्याचं तोंड ६० चौरस फूट. दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस पडला तर थेट आभाळातून ५६० लिटर. दहा फूट लांबीच्या पागोळ्या, वर पंधरा फूट कौलांचा उतार धरला तर त्यातून १,४०० लिटर. म्हणजे एका दिवसात जवळजवळ दोन हजार लिटर, तळ्याचं निम्मं पाणी. आणि आपल्याकडे जून-जुलैत २०० मिलिमीटरचे दिवसही येतात.

त्यात पहिल्या पावसाची पागोळी कौलावरची आठ महिन्यांची धूळ, पालापाचोळा, पाखरांची विष्ठा घेऊन येते.

श्रीवर्धनकर | १७ मे, सकाळी ६:५०

सगळा धागा वाचला. पाचोळ्याबद्दल माझा अनुभव लिहितो, थोडा लांब आहे.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आमच्यावरून गेलं. आगरातली निम्मी पोफळ आडवी झाली. तळ्यावर माडाची झापं, पोफळीचे विरे, फणसाची फांदी, सगळं येऊन पडलं. पहिले दोन दिवस घराचं छप्पर बघण्यात गेले, तळ्याकडे कोण बघणार. तिसऱ्या दिवशी गेलो तर पाणी चहासारखं काळपट आणि सगळे मासे तोंड वर काढून. वीज नव्हती, पंप बंद. आमच्या वाडीत वीज यायला महिना लागला.

मी आणि मुलगा पहाटे चारला उठायचो, कारण तेव्हाच प्राणवायू सगळ्यात कमी असतो. रात्रभर झाडं, शेवाळ, मासे सगळेच तो वापरतात, तयार कोणी करत नाही. कळशी भरायची आणि छातीएवढ्या उंचीवरून परत तळ्यातच ओतायची. शंभर कळश्या मुलगा मोजायचा. दिवस उजाडला की थांबायचो. खाणं पूर्ण बंद ठेवलं. तेवीस मासे होते, एकवीस वाचले.

दोन गेले ते वीज आल्यावर. फिल्टर महिनाभर बंद, त्यातला स्पंज कुजलेला, आणि आनंदाच्या भरात मी सरळ बटण दाबलं. काळं, सडक्या अंड्याच्या वासाचं पाणी तळ्यात गेलं. तेव्हापासून वीज पाच-सहा तासांच्या वर गेली की आधी स्पंज बादलीत तळ्याच्याच पाण्यात खळबळतो, मग पंप सुरू. नळाच्या पाण्यात नाही, क्लोरीनने त्यातले कामाचे जिवाणू मरतात.

चिंगी | १७ मे, सकाळी ७:३०

काका, शंभर कळश्या रोज! मुलाला माझा नमस्कार सांगा.

हापूस_बागायतदार | १७ मे, सकाळी १०:१०

जबरदस्त. पावसाळ्यात ढगाळ हवा आठ-आठ दिवस राहते तेव्हाही हेच लागू. ऊन नाही म्हणजे झाडं पुरेसा प्राणवायू करत नाहीत. तेव्हा खाणं कमी.

आजोबांचा_वाडा | १७ मे, दुपारी १२:३०

डासांसाठी आरोग्य खात्याकडून गप्पी मासे मिळतात, ते का नाही टाकत? काटक असतात, पावसाने मरत नाहीत.

कातळफूल | १७ मे, दुपारी १:०५

बंद टाकीत, जिथून पाणी बाहेर जात नाही, तिथे गप्पी ठीक. पण माडाखालींचं तळं जूनमध्ये भरून वाहणार, पाणी पऱ्याला, म्हणजे ओढ्याला मिळणार. गप्पी दक्षिण अमेरिकेतला मासा आहे. एकदा पऱ्यात गेला की तिथल्या छोट्या माशांची अंडी-पिल्लं खातो आणि त्यांची जागा घेतो. आपल्याकडे पिकू आहे ना! डोक्यावर चमकता ठिपका असलेला, पाण्याच्या वरच्या थरात फिरणारा. डासांच्या अळ्या मिटक्या मारत खातो. तो वाहून गेला तरी आपल्याच घरी जातो.

हेच जलपर्णीचं. फूल सुंदर, पण तुकडा जरी वाहून गेला तरी पुढच्या वर्षी पऱ्या भरतो. उपसलेली जलपर्णी पऱ्यात टाकू नका, उन्हात वाळवून खतात घाला. सांडव्याच्या पाइपला बारीक जाळी हवीच. आणि सड्यावरच्या पावसाळी डबक्यांतली झाडं उपटून आणू नका अशी विनंती. ती तिथेच चार महिने जगतात, आपल्या टबात नाही.

खाडीकाठ | १७ मे, दुपारी २:२०

पिकू आमच्या व्हाळात खूप. पोरां हातरुमालान धरतत.

माका एक इचारूचा हा. आमची बाव खाडीच्या बगलेक, मे म्हयन्यात पाणी मचूळ होता. तळयेत ताच घालूचा लागता. चलात काय?

निळा_खंड्या | १७ मे, दुपारी ३:४०

खाडीकाठ दादा, माशांना थोडं मचूळ चालतं. आजारी माशाला आम्हीच लिटरला तीन ग्रॅम खडेमीठ घालून वेगळ्या टबात ठेवतो. पण कमळाला मीठ सोसत नाही, पानांच्या कडा करपतात. मेमध्ये पाणी आटतं पण मीठ आटत नाही, त्यामुळे दर भरणीला ते वाढत जातं. एक-दोन पिंपं फेब्रुवारीतच गोड्या पाण्याने भरून ठेवा.

माडाखाली, तुमच्यासाठी. मत्स्यालयाच्या दुकानातून पीएच आणि केएच मोजायचं थेंबांचं किट आणा. पाऊस यायच्या आत मोजून इथे लिहा.

माडाखाली | २४ मे, संध्याकाळी ७:००

किट आलं. नळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं आणि एकेक थेंब टाकायचा, निळं पाणी जितक्या थेंबांत पिवळं होईल तितके अंश केएच. आमचं पाणी निळं झालंच नाही. पहिल्याच थेंबाला पिवळं. सासरे चष्मा लावून शेजारी उभे होते, म्हणाले परत कर. परत पिवळं. विहिरीचं पाणी दोन थेंबांत. पीएच सकाळी ६.२.

निळा_खंड्या | २४ मे, संध्याकाळी ७:४०

म्हणजे साठा शून्य, आणि अजून पाऊस पडलेलाही नाही. घाबरू नका, दोन आठवडे हाताशी आहेत.

आधी खायचा सोडा. हजार लिटरला ३० ग्रॅम घातला की केएच एक अंश वाढतो. तुम्हाला चार अंशांपर्यंत न्यायचंय, म्हणजे एकूण अर्धा किलो. एकदम नाही, पाच दिवसांत विभागून, रोज शंभर ग्रॅम बादलीत विरघळवून संध्याकाळी काठाकाठाने ओता. रोज सकाळी मोजा.

हे तात्पुरतं. कायमचं म्हणजे शिंपले. तिसऱ्या खाता ना? शिंपले उकळून, घासून, उन्हात वाळवून कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरा आणि पंपाचं पाणी जिथे पडतं तिथे टांगा. पाणी आम्ल झालं की शिंपला विरघळतो, पीएच साताच्या वर गेला की जवळजवळ थांबतो. चुन्यासारखी उडी मारत नाही.

कातळफूल | २४ मे, रात्री ८:१५

आणि पागोळ्या वळवा. निदान पहिला महिना.

श्रीवर्धनकर | २५ मे, सकाळी ६:३०

पत्र्याची पन्हळ आणू नका ताई. पडलेली पोफळ असेल तर उभी चिरून आतला गाभा काढा, पन्हळ तयार. दोन पावसाळे सहज टिकते.

माडाखाली | ८ जून, सकाळी ७:५०

काल मृग लागला, पाऊस अजून नाही, नुसती वळवाची एक सर. केएच ४, पीएच ७.२. शिंपल्यांच्या दोन पिशव्या टांगल्या. शेजारच्या काकूंनी आठवडाभर शिंपले जमवून दिले. पोफळीची पन्हळ सासऱ्यांनी स्वतः चिरली, वय ७४. पागोळ्यांचा आवाज जाऊ नये म्हणून तिचं तोंड वेखंडाच्या वाफ्यात सोडलंय. सांडव्याला जाळी लावली.

चिंगी | ८ जून, सकाळी ८:०५

आजोबांचं कौतुक!! पाऊस झाला की लगेच कळवा.

माडाखाली | १९ जून, रात्री १०:३०

चौदा तारखेपासून धो धो. पंधराच्या रात्री वाऱ्याने पन्हळ घसरली आणि पहाटेपर्यंत पागोळ्या तळ्यात पडत होत्या. बॅटरी घेऊन मोजलं, केएच ४ वरून २, पीएच ६.८. पूर्वी असतं तर त्याच दिवशी खेळ संपला असता. दुसऱ्या दिवशी सव्वाशे ग्रॅम सोडा, त्यानंतर पुन्हा सव्वाशे. पन्हळ सुंभाने बांधली. आज केएच ४.

बारा मासे आहेत. बाराही खातायत. दिवसाला एकदाच, चिमूटभर. अंगावर थर नाही.

निळा_खंड्या | १९ जून, रात्री १०:४५

वा! पुढचे दहा दिवस मोजणं सोडू नका. जुलैत आठवड्यातून एकदा पुरे. शिंपले झिजून पातळ झाले की नवे भरा.

खाडीकाठ | १९ जून, रात्री ११:१०

बरा वाटला. खंड्यांका एक वाटी तिसऱ्यांचा सुका माज्याकडसून. आणि माडाखाली, माका कुमुदाचो एक गड्डो गावात काय? माजो मचूळ पाण्यान गेलो.

माडाखाली | २० जून, सकाळी ७:२०

नक्की. पण आत्ता नाही, टबाला हात लावला तर गाळ उठेल. हस्त संपून पाऊस उघडला की टब उपसणार आहे, तेव्हा दोन गड्डे काढून ठेवते, एक पांढरा, एक गुलाबी. दिवाळीला कुडाळला येणार आहे, येताना घेऊन येईन. तोवर पिंपात गोडं पाणी साठवून ठेवा.

आज सकाळी एक गोगलगाय उचलून बघितली. शंखाच्या तोंडाशी नवी, कोवळी, तपकिरी कड आलीय, नखाएवढी. टोक अजून पांढरंच आहे.